प्रश्न तुमचे : लायसिन अडतं ते दारात

या खेपेच्या पत्रांत निम्मी एकाच विषयाची निघाली. अमिनो आम्लं बनवणारे जिवाणू, आणि त्यांच्या पेशीपटलातली माल आत-बाहेर करणारी प्रथिनं. मी नोकरीची बहुतेक वर्षं फर्मेंटरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीच्या, शेजारी काढली, त्यामुळे हात शिवशिवले आणि पहिलं उत्तर लांबलं. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट शेवटचा प्रश्न वाचावा, त्यात बेडूक आहे.

प्रश्न : मॅडम, मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. आमच्या प्रकल्पातला जिवाणू लायसिन हे अमिनो आम्ल बनवतो. लायसिन बनण्याच्या मार्गातली जनुकं आम्ही एकेक करून वाढवली, पण उत्पादन एका आकड्यापुढे सरकत नाही. आता सर म्हणतात, लायसिन बाहेर टाकणारं प्रथिन वाढवून बघा. मला मुळातच कळत नाही. अमिनो आम्ल ही पेशीच्या कामाची वस्तू. ती बाहेर फेकायला जिवाणू खास प्रथिन ठेवेलच कशाला?

उत्तर : तुझी शंका रास्त आहे. याच शंकेपायी पुष्कळ वर्षं कोणी असं प्रथिन मनापासून शोधलंच नाही.

ते सापडलं १९९६ साली, जर्मनीतल्या युलिखच्या संशोधन केंद्रात. कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जिवाणूतलं 'लायस-ई'. अमिनो आम्ल बाहेर नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक ओळखलं गेलं ते हे पहिलंच. तिथल्या मंडळींनी मग ते जनुक काढून टाकलं आणि जिवाणूला लायसिन असलेले लहान पेप्टाइड खायला दिले. पेप्टाइड म्हणजे दोन-चार अमिनो आम्लांची साखळी. जिवाणू ती अख्खी आत ओढतो, आत तोडतो, लायसिनच्या जोडीला असलेलं ॲलानिन हे दुसरं अमिनो आम्ल वापरून टाकतो. लायसिनपाशी मात्र घोडं अडतं, कारण या जिवाणूकडे लायसिन मोडून खायची सोयच नाही. स्वतःची प्रथिनं बांधायला लागतं तेवढं लागतं, बाकीचं पडून राहतं. दार नसलेल्या पेशीत ते साचत साचत एक मोलारच्या वर गेलं आणि वाढ ठप्प झाली.

एक मोलार म्हणजे किती ते डोळ्यांपुढे आण. लायसिनचा रेणुभार १४६, म्हणजे लिटरभर द्रावणात १४६ ग्रॅम लायसिन. हा पाक झाला! तो पोटात घेऊन कुठली पेशी जगणार?

तर हे प्रथिन म्हणजे पेशीची मोरी. नको झालेलं वाहून जायला ठेवलेली. शेजारीच 'लायस-जी' नावाचं दुसरं प्रथिन आहे, ते आत लायसिन किती साठलंय यावर नजर ठेवतं आणि फार झालं की 'लायस-ई'चं जनुक चालू करतं. एरवी मोरी बंद. जिवाणूला हे सगळं पुरेसं आहे, कारण रानात त्याला अधूनमधून थोडंसंच लायसिन टाकावं लागतं. आपण मात्र त्याला दिवसरात्र लायसिन बनवायला जुंपतो, आणि मग त्या मोरीतून नदी जावी अशी अपेक्षा करतो.

आता तुमचा अडलेला आकडा. आमच्याकडेही असाच एक स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा वाण, होता. ॲस्पार्टोकायनेज हे मार्गातलं पहिलं एन्झाइम लायसिन वाढलं की दबतं, म्हणून न दबणारं एन्झाइम घातलेलं. पुढच्या दोन-तीन पायऱ्याही वाढवलेल्या. तरी टायटर, म्हणजे लिटरमागे मिळणारं लायसिन, हलेना. दर आठवड्याच्या बैठकीत नवं जनुक सुचवलं जायचं. मार्गाचा नकाशा भिंतीवर लावलेला होता आणि तो नकाशा पेशीपटलापाशी संपत होता, 'लायसिन' असं लिहून. पुढे बाण नव्हता.

तेव्हा मी एक जुनी युक्ती काढली. तुमच्या प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज असेल तर तूही करू शकशील. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी घ्यायची. तळाशी थोडं परक्लोरिक आम्ल, त्यावर सिलिकॉन तेलाचा थर, आणि त्यावर फर्मेंटरमधून आत्ता काढलेला ब्रॉथ, म्हणजे जिवाणू ज्यात वाढतात तो द्रव. अर्धा मिनिट जोरात फिरवायचं. पेशी जड, त्या तेलातून खाली उतरून आम्लात पडतात आणि जागीच मरतात. ब्रॉथ हलका, तो तेलाच्या वरच थांबतो. नळी उजेडात धरली की तीन थर स्वच्छ दिसतात, तळाशी दुधी ठिपका. तो ठिपका म्हणजे त्या क्षणीची पेशीची आतली बाजू. धुवायचं-बिवायचं काही नाही, कारण धुताधुताच लायसिन बाहेर गळून जातं आणि आकडा खोटा येतो. तेलाची घनता मात्र तुमच्या पेशींना आणि ब्रॉथला जुळणारी हवी. माझ्या पहिल्या दहा नळ्या त्यातच वाया गेल्या. एकीत पेशी तेलावरच तरंगत बसल्या, दुसरीत ब्रॉथच तेलाखाली.

तळचा नमुना एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, लावला तर लायसिनचा सुळका कागदाच्या बाहेर. विरळ करून परत लावला, परत बाहेर. तिसऱ्यांदा माप मिळालं. माल कधीचा तयार होता, तो दारात तुंबला होता! भिंतीवरच्या नकाशात मी पेनने एक बाण काढला आणि घरी गेले.

तुझ्या सरांचं म्हणणं म्हणून पटतं. फक्त आधी हे मोजा. आत लायसिन साचलेलं नसेल तर दार रुंद करून काही हाती लागणार नाही, अडचण अलीकडे कुठेतरी आहे.

आणि दार रुंद करायचं तर हळू. आमची घाई सांगते. 'लायस-ई'चं जनुक आम्ही जोरकस प्रमोटरखाली (जनुक किती चालायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा), पेशीत भरपूर प्रती होणाऱ्या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं) बसवलं. प्लेटवर वसाहती आल्या त्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फर्मेंटरमध्ये बॅच रेंगाळली, आणि प्लाझ्मिड टिकवायचं प्रतिजैविक काढताच बऱ्याच पेशींनी प्लाझ्मिडच झटकून टाकलं. कारण साधं आहे. हे प्रथिन पेशीरसात तरंगणारं नव्हे, ते पटलात शिवावं लागतं. पटलात जागा मोजकी, शिवणारी यंत्रणाही मोजकी. तिथे एकाच प्रथिनाची गर्दी केलीस तर श्वसनाची, साखर ओढायची, बाकीची सगळी प्रथिनं रांगेत अडकतात. पुढे तेच जनुक गुणसूत्रावर, मवाळ प्रमोटरखाली ठेवलं तेव्हा कुठे उत्पादन हललं.

दार चालतं कशावर, हे तू विचारलं नाहीस, पण प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत विचारतील. लायसिनवर धन भार असतो आणि पेशीच्या आत ऋण भार. म्हणजे आतली बाजू लायसिनला धरून ठेवते, सोडत नाही. 'लायस-ई' लायसिनच्या एका रेणूबरोबर हायड्रॉक्सिल आयनांची जोडी बाहेर नेतं. एक धन, दोन ऋण. हिशेबाने बाहेर जातो तो ऋण भार, आणि ऋण भार बाहेर ढकलायला आतली बाजू एका पायावर तयार असते. इतकी देखणी तडजोड मी माणसांच्या कारभारात पाहिलेली नाही. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की पटलावरचा विद्युतदाब आणि सामू (पीएच) हे दोन्ही दाराचं तेल आहेत. ब्रॉथचा सामू वर भरकटला, किंवा हवा कमी पडून पेशीची शक्ती मंदावली, की दार आहे तेवढंच राहून काम कमी होतं. जनुक बदलण्याआधी ढवळणीचा वेग आणि सामूची नोंद बघायला म्हणूनच सांगते. नव्या मुलांना हे कमीपणाचं वाटतं.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवतो. ग्लुटामेट या अमिनो आम्लाच्या किण्वनात पेनिसिलिन घातलं की पेशीपटलाला भोकं पडतात आणि ग्लुटामेट झिरपतं, असं आमच्या पुस्तकात आहे. एका विद्यार्थ्याने 'मग बाकीचं का झिरपत नाही?' असं विचारलं. त्याला काय सांगू?

उत्तर : सर, त्या विद्यार्थ्याला आधी शाबासकी द्या. मी स्वतः फळ्यावर भोकांचं पटल काढून शिकवलेलं आहे आणि मला कोणीच हे विचारलं नाही.

गोष्ट अशी. जपानमध्ये किनोशिता, उडाका आणि सहकाऱ्यांनी ग्लुटामेट सोडणारा हा जिवाणू १९५७ साली जगापुढे मांडला. मांडताना नाव वेगळं होतं, मायक्रोकॉकस ग्लुटामिकस. लवकरच दिसलं, की माध्यमात बायोटिन हे जीवनसत्त्व कमी ठेवलं तरच ग्लुटामेट बाहेर येतं. बायोटिन भरपूर असेल तर ट्वीन-४० हा साबणासारखा पदार्थ घाला किंवा पेनिसिलिन घाला, परिणाम तोच. बायोटिन मेदाम्लं बनवायला लागतं, मेदाम्लांचं पटल होतं. पेनिसिलिन भित्ती कच्ची ठेवतं. तिन्ही गोष्टी पेशीच्या वेष्टनाशी निगडित, म्हणून 'वेष्टन गळकं झालं' हा निष्कर्ष सोपा होता. पुस्तकात शिरला आणि तिथेच राहिला.

पण गळक्या भांड्यातून सगळंच गळतं. इथे पेशीतले बाकीचे पदार्थ आतच राहत होते आणि पेशी जिवंत होत्या. गळती नव्हे, हे काम एखाद्या वाहकाचं असलं पाहिजे, असा पुरावा १९८९ साली मांडला गेला, पण जनुक कुठलं ते कळेना. ते २००७ साली जपानी संशोधकांनी दाखवलं, आणि उत्तर अनपेक्षित निघालं. ते पटलातलं ताण ओळखणारं प्रथिन आहे. त्याचं नेहमीचं काम वेगळंच. समजा जिवाणू खारट जागी आहे आणि अचानक पाऊस पडला. बाहेरचं पाणी आत धावतं, पेशी फुगते, फुटायची वेळ येते. तेव्हा पटल ताणलं गेलं की हा मार्ग उघडतो आणि आतला विद्राव्य माल थोडा बाहेर सोडून पेशी वाचवतो. प्रेशर कुकरची शिट्टीच म्हणा. बायोटिनची टंचाई, ट्वीन आणि पेनिसिलिन हे तिघेही आपापल्या परीने वेष्टनाचा ताण बदलतात, आणि शिट्टी उचलली जाते. या प्रथिनाच्या जनुकात ठरावीक बदल केले, तर बायोटिन भरपूर असताना आणि काहीही न घालता ग्लुटामेट बाहेर येऊ लागतं. हा पुरावा भोकांच्या चित्रात कुठेच बसत नाही.

अर्थात नुसती शिट्टी उघडून भागत नाही. त्याच सुमाराला पेशीत ग्लुटामेटकडे जाणारी वाटही रुंदावते, कारण पेशीला शक्ती देणाऱ्या सायट्रिक आम्लाच्या चक्रातलं ऑक्सोग्लुटारेट पुढे नेणारं एन्झाइम मंदावतं. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर लिहायचं की हे, तो प्रश्न तुमच्या विद्यापीठाचा. मी त्यात पडत नाही.

प्रश्न : बाहेर टाकायचं दार मोठं करतात हे वाचलं. आत घ्यायची दारं बंद करतात का?

उत्तर : करतात, आणि स्वस्तात फायदा देणारी खटपट ती हीच. बाहेर टाकलेलं अमिनो आम्ल ब्रॉथमध्ये साठलं, की आत घेणारी प्रथिनं ते परत ओढू लागतात. एकीकडे शक्ती खर्चून बाहेर, दुसरीकडे शक्ती खर्चून आत. रांजण भरायचा आणि तळाला छिद्र ठेवायचं, तसलं हे. कोरियात २००७ साली ई. कोलाय या जिवाणूपासून थ्रिओनिन या अमिनो आम्लाचा एक स्ट्रेन घडवला गेला. त्यात थ्रिओनिन आत घेणारं एक जनुक काढलं, बाहेर टाकणारी जनुकं वाढवली, आणि मार्गात इतरही बरेच बदल केले. फर्मेंटरमध्ये थोडी थोडी साखर सोडत लिटरला ८२.४ ग्रॅम थ्रिओनिन मिळालं. यातलं किती श्रेय कुठल्या दाराचं, हे वेगळं काढणं अवघड, पण दारांना हात न लावता तिथवर पोचता आलं असतं असं मला वाटत नाही.

आत घेण्याच्या बाबतीत एक दार मात्र बंद करून चालत नाही, ते साखरेचं. तिथे दाराची जात बदलतात. हे जिवाणू ग्लुकोज आत ओढताना त्यावर फॉस्फेट चिकटवतात, आणि तो फॉस्फेट येतो फॉस्फोइनॉलपायरुव्हेट या रेणूकडून. एका ग्लुकोजपासून असे दोन रेणू तयार होतात. म्हणजे निम्मा माल जकातीतच गेला! लायसिनला आणि फिनिलॲलानिनसारख्या अमिनो आम्लांना नेमका हाच रेणू कच्चा माल म्हणून हवा असतो. म्हणून जकातीचं दार बंद करतात आणि साधं दार उघडतात, ज्यातून साखर जशीच्या तशी आत येते. फॉस्फेट मग एटीपी या पेशीला शक्ती पुरवणाऱ्या रेणूकडून घेतात. कोरिनेबॅक्टेरियममध्ये इनॉसिटॉलसाठी असलेलं एक दार ग्लुकोजलाही चालतं, हे कळल्यावर ते याच कामाला लावलं गेलं आणि लायसिन वाढलं. पेशीची वाढ सुरुवातीला मंदावते, ते सोसावं लागतं.

प्रश्न : एवढी यातायात कशाला? पेशी फोडून आतलं लायसिन काढून घ्यायचं.

उत्तर : फोडून बघा एकदा. लायसिनबरोबर डीएनए, प्रथिनं, मेद, सगळा लगदा बाहेर येतो, ब्रॉथ शेंबडासारखा चिकट होतो आणि गाळणी बसतात. शिवाय पेशी मेली म्हणजे कारखाना एकदाच चालला. लायसिन बाहेर असेल तर पेशी गाळून वेगळ्या करायच्या, द्रव आयन बदलणाऱ्या रेझिनवरून न्यायचा, आटवायचा, स्फटिक पाडायचे. तुमच्यासोबत आणखी एकांनी 'मग त्या लायसिनमध्ये जनुक बदललेले जिवाणू असतात का?' असं विचारलं आहे. स्फटिक पाडलेल्या मालात नसतात. पेशी पहिल्याच पायरीला बाजूला होतात.

प्रश्न : नवीन दारं सापडतात कशी? गाईच्या पोटातल्या जिवाणूंचं जनुक लायसिनला उपयोगी पडलं असं ऐकलं, ते खरं का?

उत्तर : खरं आहे. शोधायची पद्धत बहुतेक वेळा विषाची असते. पेशीला त्रास होईल असं काहीतरी द्यायचं आणि कोण तगतं, कोण मरतं ते बघायचं. ई. कोलायमधलं आर्जिनिन या अमिनो आम्लाचं दार हैदराबादमध्ये असंच उलगडलं, २००४ साली. तिथे विष होतं कॅनाव्हानिन. अबईच्या जातीच्या शेंगांच्या बियांत असतं, आणि आर्जिनिनशी त्याचं इतकं साम्य की पेशी फसून ते आपल्या प्रथिनांत घालते. ज्या जिवाणूंत दाराचं जनुक बिघडलेलं, ते नेहमीच्या मानाने फारच थोड्या कॅनाव्हानिनने मरत. बाहेर फेकायची सोयच गेलेली ना.

गाईच्या गोष्टीत विष म्हणून लायसिनच वापरलं. गाईच्या आतड्यातल्या जिवाणूंपैकी पुष्कळसे प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, म्हणून त्यांचा एकत्रित डीएनए तुकडे करून ई. कोलायमध्ये भरला, आणि भरमसाट लायसिन असलेल्या माध्यमात कोण वाढतं ते पाहिलं. वाचलेल्यांत डीएनएचे २८ निरनिराळे तुकडे निघाले, त्यांवर ५८ जनुकं. त्यातलं एक दारासारखं दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं, कारण जिवाणू इतर कारणांनीही तगतो. म्हणून ते बेडकाच्या अंड्यात घातलं. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाचं कच्चं अंडं ही मिलिमीटरभर व्यासाची एकच पेशी असते, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. तिला सुई टोचून प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवायचा निरोप, आत सोडता येतो. मग तिच्या पटलात ते प्रथिन बसतं, आणि आतलं लायसिन बाहेर येतंय का ते मोजता येतं. ई. कोलायच्या स्वतःच्या दारांची लुडबूड तिथे नाही. लायसिन बाहेर आलं.

पुढे ते जनुक कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या जातीच्या कोरिनेबॅक्टेरियममध्ये घातलं तेव्हा टायटर ९.५ टक्क्यांनी वाढलं, साखरेमागचा उतारा ७.८ टक्क्यांनी. आकडे ऐकून तुम्हाला हसू आलं असेल. पण लायसिन मुख्यतः जनावरांच्या खाद्यात जातं आणि जगात वर्षाला २० लाख टनांच्या वर बनतं. आमच्या बैठकीत साखरेमागचा उतारा अर्धा टक्का वाढला तरी चहाबरोबर बिस्किटं येत.